मेरी सेलेस्ट : चहा गरम नव्हता आणि जहाज गायबही झालं नाही

‘१८७२ साली बर्म्युडा ट्रँगलमध्ये मेरी सेलेस्ट हे जहाज सापडलं. टेबलावर वाफाळता चहा, होड्या जागच्या जागी, माणूस मात्र एकही नाही! पुढे ते शापित जहाजही समुद्रानं गिळलं.’ हा मेसेज बहुतेक सगळ्या ग्रुपांवर फिरून झालाय. त्यातलं साल बरोबर आहे, माणसं बेपत्ता झाली हेही खरं. बाकीचं बघू.

बर्म्युडा : जहाज सापडलं ४ डिसेंबरला, अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात. बर्म्युडा अटलांटिकच्या पार पलीकडे, अमेरिकेच्या बाजूला. विषय संपला.

गरम चहा : जहाज ज्यांना दिसलं त्या ‘देई ग्राशिया’ या दुसऱ्या जहाजाचा मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) ऑलिव्हर डेव्हो स्वतः वर चढला होता. जिब्राल्टरच्या कोर्टात त्यानं साक्ष दिली : सगळं ओलं, केबिनमध्ये शिजवलेलं अन्न काही नाही. प्रवासाची जहाजावरची शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, म्हणजे नऊ दिवस आधीची. तेव्हा थर्मासही नव्हते हो.

होड्या जागेवर : इथे मेसेजचा कणाच मोडतो. जहाजाची होडी गेलेली होती. क्रोनोमीटर, सेक्स्टंट (समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं घड्याळ आणि उपकरण) आणि जहाजाची कागदपत्रंही नव्हती. म्हणजे कप्तान ब्रिग्ज, त्यांची पत्नी सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात खलाशी होडीत उतरले असणार, तेही घाईत. का, हे कुणी पाहिलेलं नाही. पण जहाजाच्या पोटात अल्कोहोलची १,७०१ पिंपं होती, त्यातली नऊ नंतर इटलीतल्या जेनोआ बंदरात रिकामी निघाली. तळाशी साडेतीन फूट पाणी होतं, पाणी उपसायचा एक पंप उघडून ठेवलेला. अल्कोहोलच्या वाफेचा स्फोट होईल किंवा जहाज बुडेल असं वाटायला एवढं पुरे. मला बुडण्याची भीती जास्त पटते. जागच्या जागी असलेल्या होड्या आल्या कुठून? १८८४ साली आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘मारी सेलेस्ट’ नावाच्या जहाजावर एक कथा लिहिली, तिच्यातून. कथा म्हणून ती झकास आहे, पण लोकांनी ती बातमी म्हणून वाचली.

समुद्रानं गिळलं : अजिबात नाही. १८६१ मध्ये नोव्हा स्कोशियात ‘अ‍ॅमेझॉन’ नावानं पाण्यात उतरलेलं हे दोन डोलकाठ्यांचं लाकडी मालवाहू जहाज १८७२ नंतरही बारा वर्षं माल वाहत होतं. फायदा कमी, मालक बदलत राहिले. शेवटी १८८४ च्या डिसेंबरात बोस्टनहून ते हैतीला निघालं. कप्तान गिलमन पार्कर. माल बहुतेक टाकाऊ. कागदावर मात्र किमती, आणि विमा ३०,००० डॉलरचा. ३ जानेवारी १८८५ ला पार्करनं ते रोशेल्वा नावाच्या प्रवाळखडकावर सरळ नेऊन घातलं. तो खडक नकाशावर होता. खलाशी होड्यांतून सुखरूप किनाऱ्याला लागले. विमा कंपन्यांनी चौकशी लावली, बोस्टनमध्ये खटला उभा राहिला. मुद्दाम जहाज फोडायला तेव्हा फाशी होती, आणि तेवढ्यासाठी माणूस लटकवायला काही ज्युरी तयार होईनात. एकमत झालं नाही. विम्याचे दावे मागे घ्यायचे, मिळालेले पैसे परत करायचे, अशी तडजोड झाली आणि पार्कर सुटला. त्यानंतर तीन महिन्यांतच तो कंगाल अवस्थेत मेला.