लागोसमधला इबोला नशिबाने थांबला नाही

सार्वजनिक आरोग्य शिकायला नायजेरियातल्या लागोस शहरात गेलेल्या विद्यार्थ्याला आधी दिसतात ती उघडी गटारं, जनरेटरचा धूर आणि सरकारी दवाखान्यांतल्या रांगा. त्यावरून काढलेला एक निष्कर्ष सगळीकडे फिरतो: ‘इथे आरोग्यव्यवस्था नाहीच; 2014 मध्ये इबोला या जीवघेण्या विषाणूची साथ थांबली ती उष्ण हवेमुळे, विमानतळावरच्या ताप-तपासणीमुळे आणि नशिबाने.’

उष्ण हवा? तशाच हवेत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये हजारो माणसं दगावली.

गटारं खरी आहेत, कॉलराच्या साथीत ती भोवतातही. पण इबोला पसरतो रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब यांच्या थेट संपर्कातून.

ताप-तपासणीचं म्हणाल, तर लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस लागतात. तोवर ताप नसतो, त्यामुळे तो प्रवासी तपासणीतून सहज सुटतो. 20 जुलैला लायबेरियाची राजधानी मनरोव्हियाहून टोगोतल्या लोमेमार्गे आलेला पहिला रुग्ण विमानतळावरच कोसळला, म्हणून रुग्णालयात पोचला.

नशीब थोडं होतं, हे मान्य. सरकारी डॉक्टरांचा संप असल्याने त्याला खासगी रुग्णालयात नेलं. तिथे डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्होह यांनी दबाव झुगारून त्याला बाहेर सोडलं नाही. 19 ऑगस्टला त्या इबोलानेच गेल्या.

पण पुढच्या कामाला नशीब म्हणणं हा अडाणीपणा आहे. पोलिओ मोहिमेसाठी आधीच उभारलेल्या आपत्कालीन केंद्राची माणसं आणि कामाची पद्धत लागोसमध्ये वापरली गेली. रुग्णांशी संपर्क आलेल्या 894 जणांची यादी झाली, त्यांच्या सुमारे 18,500 प्रत्यक्ष भेटी झाल्या. प्रत्येकाचे 21 दिवस मोजायचे ते शेवटच्या संपर्काच्या तारखेपासून. नाव यादीत चढल्याच्या दिवसापासून नव्हे. रोज ताप आणि लक्षणं बघायची. फोनवर भागत नाही, कारण पॅरासिटामॉल घेऊन ‘बरा आहे’ म्हणणं सोपं असतं. ताप आला की रुग्णवाहिका, वेगळी खोली, पीसीआर (रक्तात विषाणू शोधणारी चाचणी). लक्षणं सुरू होऊन 3 दिवस व्हायच्या आत चाचणी निगेटिव्ह आली, तर त्यावर विसंबता येत नाही; 72 तास उलटल्यावर ती पुन्हा करावी लागते.

फटी होत्याच. यादीतला एक जण नजर चुकवून पोर्ट हारकोर्ट या दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे नवी साखळी सुरू झाली. मिठाचं पाणी पिण्याची अफवाही पसरली. त्याचा इबोलावर काडीचा उपयोग नाही, उलट जास्त मीठ जिवावर बेततं. खरा उपयोग क्लोरीनचा. 70 टक्के क्लोरीनची पावडर असेल तर फरशीसाठी लिटरला 7 ग्रॅम, म्हणजे 0.5 टक्के, हातांसाठी त्याच्या दहापट पातळ. द्रावण रोज ताजं करायचं. रक्ताचा थर तसाच ठेवून वरून शिंपडलं तर क्लोरीन रक्तातच खर्ची पडतं, खालचा विषाणू जिवंत राहतो.

एकूण रुग्ण 20, मृत्यू 8. नवा रुग्ण न सापडता 42 दिवस, म्हणजे 21 ची दुप्पट, गेल्यावर 20 ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला.