‘नाका मोठा करा, धूर आपोआप कमी होईल’ हे इतकं सरळ नाहीये

गेले काही दिवस एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय, लॉजिस्टिक्समधल्या दोघातिघांनी मलाही पाठवला आणि "बरोबर आहे ना?" म्हणून विचारलं, म्हणून सविस्तरच लिहितो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिका-मेक्सिको सीमेवरचे जुने नाके मोठे करायला सरकारने पैसे दिलेत पण पर्यावरणवाल्यांची परवानगी मिळेपर्यंत काम वर्षानुवर्षं अडून राहतं. नाका मोठा झाला की ट्रक रांगेत थांबणार नाहीत, धूर कमीच होणार, मग अभ्यास कसला? शिवाय सीमा म्हणजे सुरक्षेचा विषय, तिथे पर्यावरण मध्ये आणू नये, आणि तसंही आजूबाजूला नुसतं वाळवंट आहे. शेवटी "भारतात बघा, असं काही नसतं, पटापट होतं".

पैसे दिलेत हे खरं आहे. २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात नाक्यांच्या इमारती बांधणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या जीएसए या सरकारी संस्थेला साधारण ३.४ अब्ज डॉलर दिले गेले, आणि बरेचसे नाके खरंच जुने झालेत, तिथे ट्रकची संख्या आणि मशिनरी दोन्ही मूळ आराखड्याच्या बाहेर गेलंय. त्याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या सगळ्याबद्दल आहे.

आधी परवानगीचं बघू. नेपा नावाचा अमेरिकेचा कायदा, सरकारी कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणारा, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १ जानेवारी १९७० ला त्यावर सही केली, आणि त्यात कुणी पर्यावरणवाला हो किंवा नाही म्हणायला बसलेलाच नाहीये. आपल्याकडे २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या) अधिसूचनेखाली पर्यावरण मंत्रालयाची किंवा राज्याच्या प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते, ती नसेल तर काम सुरू करता येत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक तेच चित्र असावं. नेपामध्ये नाका बांधणारी जीएसएच अभ्यास करते, पर्याय मांडते, मसुदा लोकांपुढे ठेवते, आलेल्या हरकतींना उत्तरं देते आणि शेवटी निर्णयही स्वतःच घेते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच स्पष्ट केलंय की हा कायदा चुकीच्या निर्णयाला अडवत नाही, माहिती न घेता निर्णय करायला अडवतो. नदीनाल्यात भराव घालायचा असेल तर वेगळी परवानगी लागते, पण ती दुसऱ्या कायद्याखाली. आणि प्रत्येक कामाला जाडजूड अहवाल लागतो असंही नाही. छोट्या, नेहमीच्या कामांना सूट असते, मधल्यांना छोटा अभ्यास, आणि ज्याचा परिणाम मोठा त्यालाच पूर्ण अहवाल. २०२३ मध्ये तर संसदेने मुदतच घालून दिली, पूर्ण अहवालाला २ वर्षं आणि १५० पानं, फारच गुंतागुंत असेल तर ३००. त्यामुळे "वर्षानुवर्षं अडतं" हे वाक्य आता तरी जपून वापरायला हवं.

मग नाक्यांना उशीर का होतो? पैसा टप्प्याटप्प्याने येतो, पलीकडे मेक्सिकोलाही त्यांची बाजू बांधायची असते, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नाका बंद ठेवून काम करता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन इसिद्रो नाक्याचा विस्तार, ७४.१ कोटी डॉलरचा, २०१९ मध्ये पुरा झाला तोही असाच टप्प्याटप्प्याने, रोजची वाहतूक चालू ठेवून.

आता तो धुराचा मुद्दा, ज्याच्यावर लोक सगळ्यात जास्त "अगदी बरोबर" म्हणतायत. यात अर्धं सत्य आहे म्हणूनच तो पटतो. रांगेतला ट्रक म्हणजे धूर, यात शंका नाही. पण सीमेवरचा ट्रक कसा चालतो ते बघा. मेक्सिकोच्या आतून आलेला लांब पल्ल्याचा ट्रॅक्टर, म्हणजे ट्रकचा इंजिनवाला पुढचा भाग, मागचा मालाचा ट्रेलर शहराबाहेर सोडतो, मग तो ट्रेलर ओढायला एक वेगळी, बऱ्याचदा जुनी, फक्त पूल ओलांडण्यापुरतीच फेऱ्या मारणारी गाडी येते, आणि पलीकडे नेल्यावर तिसरीच गाडी ट्रेलर पुढे घेऊन जाते. ही मधली गाडी आधी मेक्सिकोच्या कस्टममध्ये थांबते, मग पुलावर रांगेत, मग सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम आणि सीमा तपासणी खात्याच्या, बूथवर, मग कधी एक्स-रेमध्ये, कधी माल उतरवून तपासायच्या डॉकवर, आणि टेक्सासमध्ये शिरल्यावर राज्याच्या पोलिसांची ब्रेक-टायरची तपासणी वेगळी. दहा फूट पुढे, थांबा, परत दहा फूट, आणि प्रत्येक वेळी क्लच सोडताना काळा धूर. यातला फक्त बूथचा टप्पा रुंद केला तर बाकीच्या टप्प्यांवरची रांग तशीच राहते, फक्त जागा बदलते. एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरने प्रत्येक ट्रकची तपासणी सुरू केली तेव्हा पुलांवर तासन् तास रांगा लागल्या, मेक्सिकोच्या ड्रायव्हरांनी पूल अडवून धरले. तेव्हा लेन होत्या तेवढ्याच होत्या, एकही कमी झाली नव्हती. आणि बूथमध्ये बसायला अधिकारी नसेल तर नवी लेन बंदच राहणार.

आणि एवढं करून रांग कमी झालीच तर? टेक्सासमधल्या एल पासोचा ब्रिज ऑफ द अमेरिकाज हा सीमेवरचा पूल घ्या. स्थानिक लोक त्याला पुएन्ते लिब्रे, म्हणजे फुकटचा पूल म्हणतात, कारण इथे टोल नाही, आणि त्याच शहरातल्या झारागोझाच्या पुलावर आहे. टोल वाचवायला ट्रक इथे येतात. हा पूल शहराच्या मधोमध आहे, शेजारी चमिझल वस्ती, बोवी हायस्कूल आणि चमिझल स्मारकाची बाग, डोक्यावर हायवे. एल पासो शहर बारीक धुळीच्या, पीएम-१० च्या, केंद्रीय मर्यादेत बसत नाही म्हणून अनेक वर्षांपासून तशा शहरांच्या यादीत आहे, हिवाळ्यात डोंगरांमधली हवा खाली दबून राहते आणि धूर वर जातच नाही. अशा ठिकाणी फुकटचा पूल आणखी मोठा आणि आणखी वेगवान केला तर ट्रक वाढतील की घटतील, याचं उत्तर "आपोआप" या शब्दात नाही मिळत. ते मोजावं लागतं. एक ट्रक कमी वेळ थांबला पण ट्रकच दुप्पट आले तर शाळेच्या वर्गात बसलेल्या पोराला काय मिळालं?

इथे त्या अभ्यासाने काय केलं ते मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. वस्तीतल्या लोकांनी, त्यातल्या बऱ्याच आया, फामिलियास उनिदास देल चमिझल नावाने एकत्र येऊन मागणी लावून धरली की नाका नवा करा, जरूर करा, पण माल वाहणारे ट्रक इथून हलवा. आणि जीएसएच्या २०२४ च्या मसुद्यात ट्रक काढून टाकायचा पर्यायच पसंतीचा म्हणून आला. फुकट पूल जाणार म्हणून व्यापारातल्या लोकांचा त्याला विरोध होता, आणि तोही त्याच प्रक्रियेत नोंदवला गेला. म्हणजे ज्याला मेसेज "कागदी अडथळा" म्हणतोय तिथेच हा प्रश्न पहिल्यांदा टेबलावर आला की इथे ट्रक हवेतच का. अभ्यास नसता तर आहे त्याच जागी आणखी लेन, एवढाच आराखडा झाला असता, आणि त्या आयांना ते बुलडोझर आल्यावर कळलं असतं.

"वाळवंटात काय आहे" याचं उत्तर यातच आलं. चमिझल तर १९६३ च्या तहाने रिओ ग्रांदेचं पात्र हलवून मेक्सिकोशी सीमा नक्की केली तिथलाच भाग, त्या वेळी एल पासोच्या बाजूचे पाच हजारांवर लोक घरं सोडून गेले. तिथे माणसं राहतात, पिढ्यानपिढ्या राहतात.

सुरक्षेच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथे पर्यावरणाकडे नीट न बघता काम केलं तर काय होतं हे अमेरिकेने करूनच बघितलंय. २००५ च्या रिअल आयडी कायद्याने सीमेवरचं कुंपण आणि त्याचे रस्ते यांच्यासाठी गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्यांना नेपासकट कुठलाही कायदा बाजूला ठेवायचा अधिकार दिला, आणि तो वापरलाही गेला. म्हणजे सुरक्षेला पर्यावरण आडवं येतं ही तक्रार कुंपणापुरती तरी तेव्हाच संपली. आणि अ‍ॅरिझोनात लुकव्हिलच्या नाक्याजवळ ऑर्गन पाइप कॅक्टस या संरक्षित क्षेत्रात सुमारे ५.२ मैलांचं जाळीचं कुंपण उभं राहिलं, तिथे छोटा अभ्यास झाला होता, आणि त्यात लिहिलं होतं की पाण्याच्या वाहण्याला अडथळा होणार नाही. जुलै २००८ मध्ये पावसाळी वादळ आलं. वाळवंटातले ओढे वर्षभर कोरडे असतात आणि पाऊस पडला की तासाभरात भरतात, त्या पाण्याबरोबर गवत, काटक्या, झुडपं आली आणि जाळीत अडकली, जाळीची भिंत झाली, पाणी कुंपणाला टेकून साचलं आणि कुंपणाच्या कडेने वाहत नाक्यातच शिरलं. नॅशनल पार्क सर्व्हिसने त्याच वर्षी फोटोंसकट अहवाल काढला. २०११ च्या ऑगस्टमध्ये त्याच कुंपणाचा ४० फुटांचा तुकडा पुरात पडला. म्हणजे कुंपण सुद्धा गेलं. ज्याला सुरक्षेची काळजी आहे त्याने तर ओढ्याचं पाणी कुठून येतं ते आधी बघावं, आणि वरवरचा अभ्यास हा अभ्यास नाही यावर माझ्याइतकंच भांडावं.

आता भारत. इथे असं काही नसतं हे खरं नाही, पण सूट मात्र वाढत चाललीय. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतले सामरिक महत्त्वाचे हायवे पर्यावरण मंजुरीतून सोडले. आणि पटापट होतं म्हणाल तर पेट्रापोल बघा, बांगलादेश सीमेवरचं आपलं सगळ्यात मोठं लँड पोर्ट, म्हणजे जमिनीवरचा सीमा-नाका. तिकडे जाणाऱ्या जेसोर रोडवर पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, त्यातली कित्येक शंभरी ओलांडलेली. आधी पर्याय मांडून लोकांशी बोलणं नीट झालं नाही, म्हणून ते भांडण कोर्टात गेलं. कलकत्ता हायकोर्टाने २०१८ मध्ये तोडायला परवानगी दिली, मग सुप्रीम कोर्ट, मग तज्ज्ञांची समिती, तिने एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल, तोडायला परवानगी देणारा, लागला फेब्रुवारी २०२३ मध्ये. अभ्यासाला लागला असता त्याहून जास्त वेळ तर कोर्टात गेला, आणि शेवटी झाडं वाचली नाहीतच, तोडायची परवानगी मिळालीच. अमेरिकेतही कोर्टात वेळ जातो, पण मे २०२५ च्या निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टांना सांगितलंय की संस्थेने केलेल्या अभ्यासात फार ढवळाढवळ करू नका, त्यामुळे तिथे वस्तीच्या लोकांना कोर्टाचा आधार उलट कमी झालाय.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. एल पासोचा मसुदा उघडा आणि ट्रक हलवले तर ते कुठे जातील, झारागोझा, तोर्निलो की न्यू मेक्सिकोतलं सांता तेरेसा, हा भाग वाचा. चमिझलचा धूर कमी होऊन झारागोझाच्या शेजारी राहणाऱ्यांचा वाढणार असेल तर त्यांची हवाही तितक्याच काळजीने मोजली गेली पाहिजे, आणि तसं झालं नसेल तर ती हरकत घ्यायलाही हाच अभ्यास हातात लागतो.