घर स्वच्छ असूनही झुरळं का होतात? नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, नमस्कार.

झुरळांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भरपूर आणि रोखठोक लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी मांडतो. घरात सूनबाई दोन वेळा फरशी पुसतात, ओट्यावर शितसुद्धा राहत नाही, तरी झुरळं आहेत. असं असताना ‘झुरळं पुष्कळदा आपणच घरात आणतो’ असं लिहून मी घरच्या बायांना घाणेरडं ठरवलं, हा तुमचा मोठा आक्षेप. झुरळं गटारीतून येतात, तेव्हा जे बोलायचं ते नगरपालिकेला बोला, हा दुसरा. स्प्रेने झुरळ डोळ्यांदेखत मरतं, मग स्प्रे नको का म्हणता? बोरिक पावडरच्या गोळ्या करून ठेवल्या, तर झुरळांनी त्यांना तोंडही लावलं नाही. आणि शेवटी, आपल्या धाब्याच्या घरात कडुनिंबाच्या पाल्यावर भागायचं, ही सगळी थेरं शहरातली.

आधी सूनबाईंबद्दल. झुरळ दिसलं की आपल्याकडे पहिलं बोट घरातल्या बाईकडे जातं. सासू बोलते, शेजारीण बोलते, आलेली पाहुणी न बोलता ओट्याखाली नजर टाकते. हे मला अजिबात मान्य नाही आणि माझ्या लेखातून कुणी तसा अर्थ काढू नये. झाडलोट केल्याने झुरळाचं खाणं कमी होतं, त्याची वाट बंद होत नाही. शेगडीच्या बर्नरखाली उडालेला फोडणीचा थेंब, साबणाच्या वडीखालचा लगदा, खोक्याला लावलेला डिंक, एवढ्यावरही लहान झुरळाचं भागतं. अन्नावाचून ते कितीतरी दिवस काढतं, पाण्यावाचून मात्र त्याचं फार काळ चालत नाही. आणि पाणी तर आपल्या घरात साठवलेलंच असतं. चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात टिपं, ड्रम, हंडे भरून ठेवल्याशिवाय संसार होतो का? पुण्या-मुंबईचे लेख ‘घर कोरडं ठेवा’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे एवढंच जमतं की टिपावर घट्ट झाकण, टिपाखालची ओल पुसलेली आणि रात्री निजताना सिंक कोरडं. तेवढं केलंत तरी फरक पडतो.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट. सगळं तिच्यावर अडून आहे: तुमच्याकडचं झुरळ कोणतं?

आपल्या घरांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक मोठं, ३५ ते ४० मिलिमीटरचं, तांबूस, मानेवरच्या ढालीला पिवळसर कड असलेलं. पुस्तकांत त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात. मे महिन्यात रात्री दिव्याकडे भर्रकन उडत येतं ते हेच. दुसरं लहान, १२ ते १५ मिलिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. त्याला पंख आहेत, पण ते उडत नाही, पळतं. पुष्कळ लोक लहानाला मोठ्याचं पिल्लू समजतात आणि तिथूनच उपाय चुकत जातात. दोघांचं बिऱ्हाड वेगळं, येण्याची वाट वेगळी, औषधही वेगळ्या जागी लावायचं.

मोठं असेल तर नाना, तुमचं गटारीचं म्हणणं बरोबर आहे. ते चेंबरमध्ये, सेप्टिक टाकीत, झाकण फुटलेल्या गटारीत राहतं आणि पाइपातून वर येतं. चेंबरचं झाकण बसवून घ्यायला नगरपालिकेकडे अर्ज करा, गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घेऊन करा, मीही तेच सांगेन. पण गटार दुरुस्त होईपर्यंत आपल्या घरातलं तोंड उघडं का ठेवायचं? न्हाणीतल्या जाळीखाली वाकडा ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं. गटारीचा वास आणि झुरळं अडवणारं दार म्हणजे ते पाणी. आपल्याकडे खान्देशात एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो. वरच्या मजल्यावरची न्हाणी, पाहुण्यांचा संडास, मुलगा पुण्याला गेल्यापासून बंद असलेली खोली, अशा ठिकाणी ट्रॅपमधलं पाणी आटून जातं आणि दार उघडं पडतं. घर झाडून-पुसून लख्ख, पण बंद न्हाणीतून रोज रात्री मोठी झुरळं वर येतायत, अशी घरं मी पाहिली आहेत. आठवड्याला तांब्याभर पाणी त्या जाळीत ओता. महिनाभर गावाला जाणार असाल तर वरून चमचाभर गोडेतेल टाका, पाणी लवकर आटत नाही.

त्याहून जास्त नजरेआड राहणारी जागा सिंकखाली आहे. भुसावळला बहिणीकडे गेलो असताना तिने हीच तक्रार केली. सिंकखालचं दार उघडून विजेरी मारली. सिंकचा पन्हाळीदार प्लास्टिक पाइप भिंतीतल्या मोठ्या पाइपात नुसता खोचलेला होता आणि त्याच्याभोवती बोट जाईल एवढी फट. फटीत जुनं फडकं कोंबलेलं, तेही ओलं. हाताने फडकं ओढलं तशी दोन मोठी झुरळं मिशा हलवत आत सरकली. प्लंबर घर बांधताना हा पाइप असाच सोडून जातो आणि पुढे पंधरा-वीस वर्षं तिकडे कुणी वाकून बघत नाही. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचं रबर मिळतं. ते बसवा, उरलेली फट पांढऱ्या सिमेंटने भरा. फडकं कोंबू नका, झुरळाला ओल आणि आडोसा दोन्ही आयतं मिळतं. थोडीशी फट राहिली तर काय होतं, असंही म्हणू नका. मोठं झुरळ अंग चपटं करून ३ मिलिमीटरच्या फटीतून पार होतं, हे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. न्हाणीला ‘कॉकरोच जाळी’ म्हणून मिळते ती बसवा आणि सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाइपाला वर बारीक जाळी बांधा. कूलरसाठी खिडकीची जी चौकट काढलेली असते, तिच्या कडेच्या फटीही बघा, उडून येणारी तिथून शिरतात.

लहान असेल तर गटारीला दोष देऊन उपयोग नाही. हे झुरळ रानात, शेतात कुठेच राहत नाही, माणसाने बांधलेल्या इमारतींतच राहतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या वस्तीला धरून जगभर गेलं. म्हणजे तुमच्या घरातलं लहान झुरळ दुसऱ्या कुठल्यातरी घरातून, दुकानातून, गोदामातून किंवा गाडीतून आलेलं आहे. ‘आपणच आणतो’ असं मी लिहिलं ते या अर्थाने. किराण्याचं खोकं, अंड्यांचे ट्रे, लग्नसराईत आहेराच्या सामानाचे पुठ्ठे, रेल्वेत रात्रभर सीटखाली ठेवलेली बॅग. खान्देशात तर अर्धं गणगोत सुरतेला. तिकडून भावाने नवा फ्रिज घेतला की जुना टेम्पोत घालून गावी येतो, आणि फ्रिजच्या मागे खाली, मशीनजवळच्या उबेत त्यांचं आख्खं खटलं बसून येतं. यात कुणाची अस्वच्छता आली, सांगा? मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला धरूनच फिरते आणि पिल्लं निघायच्या बेताला ती टाकते. एका पिशवीत ३० ते ४० पिल्लं असतात. अशी एक मादी घरात आली तरी पुष्कळ झाली.

म्हणून खोकी स्वयंपाकघरात नेऊ नका. सामान वट्ट्यावर काढा आणि खोकं तिथूनच बाहेर. ‘उपयोगी पडेल’ म्हणून माळ्यावर पुठ्ठे साठवायची आपली सवय मोडा. जुना फ्रिज, मिक्सर, टीव्ही आला तर दोन दिवस अंगणात ठेवा, मागचं झाकण बघा. वापरात नसलेला कूलर माळ्यावर टाकताना त्यातलं जुनं गवत फेकून द्या.

स्प्रेबद्दल. मरतं हे खरं, पण जे समोर आलं तेच मरतं. बाकीची बहुतेक मंडळी ट्रॉलीच्या बिजागरीत, ओट्याच्या कडप्प्याखालच्या सांध्यात, फ्रिजच्या रबरात असतात. स्प्रेच्या वासाने ती पांगतात आणि एका खोलीतलं दुखणं तीन खोल्यांत जातं. अंड्यांच्या पिशवीचं टरफल कडक असतं, आतल्यांना काही होत नाही. शिवाय आजच्या लहान झुरळांच्या पुष्कळ वस्त्या या स्प्रेमधल्या औषधांना निर्ढावल्या आहेत. ज्या घरात दम्याचं लेकरू आहे तिथे तर मी हात जोडून सांगतो, बंद स्वयंपाकघरात फवारू नका. झुरळाची विष्ठा आणि टाकलेली कात यांची धूळ अशा मुलांचा दमा आधीच वाढवते, त्यात फवाऱ्याची भर नको.

जेल हे लहान झुरळावरचं खरं औषध. दुकानात सिरिंजमध्ये मिळतं, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं. झुरळ ते खातं, फटीत परत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं इतर खातात, तीही मरतात. बाहेर न पडणाऱ्या पिल्लांपर्यंत औषध पोचतं ते असंच. लावायचं कुठे ते झुरळच सांगतं. बिजागरीच्या कोपऱ्यात चहाच्या बारीक पावडरीसारखे काळे कण दिसले की तिथे एक बारीक ठिपका. मोठा लपका एकाच ठिकाणी नको, लहान ठिपके पुष्कळ जागी हवेत. आणि जेलवर किंवा जवळपास स्प्रे मारलात तर झुरळ जेलकडे फिरकणार नाही, पैसे पाण्यात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावा, तोवर नवी पिल्लं बाहेर आलेली असतात.

बोरिक पावडर फुकट गेली म्हणता, पण तो उपाय खोटा नाही. कणकेच्या गोळ्या आपल्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत सुकून दगड होतात, त्यांना कोण तोंड लावणार? नुसत्या पावडरीचे ढीग केले तर झुरळ वळसा घालून जातं. फुंकर मारली तर उडेल इतका पातळ थर फ्रिजखाली, ट्रॉलीमागे द्या. त्यावरून चालताना ती पायांना-मिशांना लागते आणि अंग चाटताना पोटात जाते. तिचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. गोळ्यांत गूळ-साखर घातली असेल तर आणखी एक शक्यता म्हणजे गोडाचीच नावड. काही वस्त्यांतल्या जर्मन झुरळांना ग्लुकोजची चव कडू लागते, हे २०१३ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. माणसाने पिढ्यान् पिढ्या गोड आमिषात विष घातलं, त्यातून गोड न खाणारी तेवढी वाचली आणि त्यांचाच वंश वाढला. म्हणून गुळा-साखरेच्या भरवशावर राहू नका. जेल काय, पावडर काय, रांगत्या मुलाचा हात पोचेल तिथे आणि भांड्यांजवळ बिलकूल नको. सिंकमध्ये डांबराच्या गोळ्या टाकतात तेही बंद करा, त्याने झुरळ हटत नाही आणि तान्ह्या मुलांना तो वास अपायकारक आहे.

राहिलं धाब्याचं घर. त्या घरांबद्दल मलाही माया आहे. पण तिथली झुरळं पाल्याने रोखली होती असं मला वाटत नाही. मोरी परसात होती, घरात गटारीचा पाइपच नव्हता. उबदार मशीनचा फ्रिज नव्हता, बंद ट्रॉल्या नव्हत्या, चुलीचा धूर होता. दादर ज्वारीची कोठी आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ होतं, पण पुठ्ठ्याची खोकी नव्हती. ढेकूण, पिसवा आणि वाळवी मात्र भरपूर होती. कडुनिंबाच्या वासाने झुरळ थोडं बाजूला सरतं आणि पाला वाळला की परत येतं. धान्यात पाला घालायची रीत जरूर चालू ठेवा, तिचं काम वेगळं आहे.

आता एवढं करा. मेडिकल किंवा हार्डवेअरमध्ये चिकट पट्टी मिळते. एक फ्रिजमागे, एक सिंकखाली, एक न्हाणीच्या दाराशी अशा रात्री ठेवा आणि सकाळी कुठल्या पट्टीवर मोठी, कुठल्या पट्टीवर लहान आहेत ते बघून इथेच लिहा. मृगाच्या आत हे उरकलं तर बरं, कारण गटारी तुंबल्या की मोठी झुरळं कोरडी जागा शोधत वर चढतात.