स्मार्टवॉच रक्तातली साखर मोजत नाही

‘आता बोटाला सुई टोचायला नको, स्मार्टवॉच घाला आणि साखर बघा’ असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण माहिती चुकीची आहे.

सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा इशारा औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. घड्याळाच्या मागे हिरवा दिवा लुकलुकतो ना, त्याचा काही प्रकाश त्वचेखालचं रक्त शोषून घेतं, उरलेला परततो आणि त्यातल्या चढउतारावरून हृदयाचे ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की तेही चुकतात. साखरेचा तर त्यातून पत्ताच लागत नाही.

मग काहींच्या घड्याळावर साखरेचा आकडा दिसतो तो कुठला? दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या सीजीएम सेन्सरचा, म्हणजे साखर सतत मोजत राहणाऱ्या छोट्या उपकरणाचा. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली असते. मोजमाप तिथे होतं, घड्याळ फक्त आकडा दाखवतं. गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा.

खोट्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन जास्त घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. पावलं मोजायला, गोळीची आठवण ठेवायला घड्याळ खुशाल वापरा. ग्लुकोमीटर मात्र टाकू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर त्यांना फोन करूनच सांगा.