दूध-जिलेबीचा मेसेज आणि गल्ल्यावरची गोळी

सोयाबीनच्या सोंगणीत हा मेसेज मला चार जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: अर्धशिशी हा आजार नाहीच, ते डोक्यात चढलेलं पित्त आहे. पूर्वीच्या लोकांना ती नव्हती, मोबाइलमुळे आली. अ‍ॅलोपॅथीत तिच्यावर औषध नाही, नुसत्या पेनकिलर आहेत आणि त्या किडनी सडवतात. म्हणून सगळ्या गोळ्या आजच बंद करा, सात दिवस सूर्य उगवायच्या आत गरम दूध-जिलेबी खा, मुळासकट जाईल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 21 वर्षांपासून मेडिकल चालवतो, आणि कॉलेजपासून मला स्वतःला अर्धशिशी आहे. म्हणजे गोळी विकणाराही मीच आणि अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडणाराही मीच. म्हणून हे लिहितो आहे.

पित्ताचं आधी. ते अर्ध्या गावाला पटलेलं आहे, आणि पटण्यासारखं आहेही. डोकं ठणकतं, मळमळतं, शेवटी कडू-पिवळं उलटून पडतं आणि बरं वाटतं. "पित्त पडलं, डोक्सं मोकळं झालं." माझी आई घशात बोटं घालून उलटी काढायची. पण मळमळ हे अर्धशिशीचं कारण नाही, तिचाच भाग आहे. सुरुवात मेंदूत आणि चेहऱ्या-कपाळाच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या नसेत होते. झटका आला की जठराचं काम मंदावतं, आत गेलेलं तिथंच पडून राहतं. त्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही, आणि डॉक्टर सोबत उलटीची गोळी देतात. बऱ्याच जणांचा झटका उलटी होऊन ओसरतो हे खरं. पण पाऊस थांबताना इंद्रधनुष्य दिसतं म्हणून इंद्रधनुष्यानं पाऊस पाडला असं आपण म्हणत नाही. आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीनं अर्धशिशी जात असती, तर मी जेवढी पँटोप्राझोल विकली तेवढ्यात आमच्या तालुक्यात एकही रुग्ण उरला नसता.

"पूर्वी नव्हती" याला फार वेळ द्यायची गरज नाही. सुश्रुतसंहितेतल्या 11 शिरोरोगांत अर्धावभेदक, म्हणजे अर्धं डोकं दुखणं, आहे. सुश्रुताकडे मोबाइल नव्हता. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, झालेले लोक 25 टक्के निघाले, म्हणजे चारात एक. आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त होतं.

"औषधच नाही" हे मात्र मला सगळ्यात जास्त झोंबलं, कारण इथंच माणसं वर्षानुवर्षं विनाकारण सोसतात. 1990 साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांनी झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं, तर त्यात सीजीआरपी नावाचं एक द्रव्य वाढलेलं सापडलं. त्या धाग्यावरून पुढं त्याला अडवणारी औषधं निघाली. पहिलं इंजेक्शन, एरेनुमॅब, अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं. या कामासाठी त्या दोघांसह चौघांना मेंदूच्या संशोधनासाठी दिलं जाणारं ब्रेन प्राइझ 2021 मध्ये मिळालं. कोणी दाबून ठेवलेलं हे ज्ञान नाही. ही इंजेक्शनं कापूस विकून जगणाऱ्याला परवडणारी नाहीत हे खरं, पण झटके कमी करणारी जुनी, स्वस्त औषधंही आहेत. प्रोप्रॅनोलॉल ही मुळात हृदयाची गोळी. 1966 मध्ये छातीच्या दुखण्यासाठी ती दिलेल्या एका रुग्णाची अर्धशिशीच कमी झाली, तेव्हा हा उपयोग कळला. आज ती आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रात्री थोड्या मात्रेत घ्यायची अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहे, फ्लुनॅरिझिन आहे.

अडचण अशी की झटके कमी करणारी यातली कुठलीही गोळी डोकं दुखत नसतानाही रोज घ्यायची असते, आणि तिचा खरा हिशेब दोन-तीन महिन्यांनी करायचा असतो. आमच्याकडं आठव्या दिवशी चिठ्ठी परत येते: "भाऊ, खाऊन रायलो, तरी दुखलंच." दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी ते यश मानतात, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, फ्लुनॅरिझिननं वजन वाढतं आणि काहींचं मन खचतं, याच कामाची आणखी एक गोळी, व्हॅलप्रोएट, मूल होण्याच्या वयातल्या बाईनं टाळायचं असतं. तेव्हा यातलं काहीही चिठ्ठीशिवाय मागू नका. मी देणार नाही.

आता किडनी. इथं मेसेज अर्धा बरोबर आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वारंवार घेतल्या तर किडनीला आणि जठराला इजा होऊ शकते. मे महिन्यात वावरात घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा माणूस त्या घेतो तेव्हा धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉलचं गणित वेगळं, तिथं जास्त मात्रेत लिव्हर सांभाळावं लागतं. पण गल्ल्यावर रोज दिसणारं नुकसान वेगळंच आहे, आणि मेसेजवाल्याला त्याचा पत्ता नाही: डोक्याची गोळीच डोकं दुखवायला लागते. साधी वेदनाशामक महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा कॅफिन मिसळलेली, किंवा खास अर्धशिशीसाठीची अर्गोटवाली, ट्रिप्टान जातीची गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की दुखणं जवळजवळ रोजचं होऊ शकतं. मग त्यासाठी पुन्हा गोळी. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाया "दोन डोक्याच्या द्या" म्हणून रोज थांबतात. मी कित्येक वर्षं न विचारता दिल्या. हे लिहिताना बरं वाटत नाही.

तरी "सगळ्या गोळ्या आजच बंद" हा सल्ला घातकच आहे. सवय झालेली गोळी सोडल्यावर काही दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, उलट्या होतात, झोप येत नाही. डॉक्टर सोबत असले तर ते निभावतं. आणि "सगळ्या" हा शब्द वाचून एखाद्या आजोबांनी बीपीची किंवा हृदयाची गोळी सोडली तर? हृदयरोग्यानं प्रोप्रॅनोलॉल एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं.

राहिली जिलेबी. "माह्या वहिनीची गेली" असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. उपचार न केलेला झटका 4 ते 72 तासांत आपोआप ओसरतो; त्यात जे केलं त्याला श्रेय मिळतं. अ‍ॅस्पिरिनच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दोन तासांत दुखणं पूर्ण थांबलेले 100 पैकी 24 निघाले, आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवरही 11. जिलेबीच्या वाट्याला हे 11 तर येणारच. शिवाय उपाशीपोटी राहणं झटक्याला आमंत्रण देतं. पहाटे स्वयंपाक उरकून, स्वतः चहावर वावरात जाणाऱ्या बाईच्या पोटात सकाळी काही पडलं तर फरक जाणवेलही. पण तो भाकरीनंही पडेल, आणि शुगरच्या माणसाला सात दिवस जिलेबी खायला सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

मेसेजमध्ये नसलेली, पण बायांना माहीत हवी अशी गोष्ट: डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमचमत्या नागमोडी रेघा येत असतील किंवा नजरेचा एक भाग पुसला जात असेल, तर माला-एनसारखी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. त्यानं पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना किंवा सिस्टरला हे सांगा. दुसरे पर्याय त्यांच्याकडं असतात. आणि वीज कोसळल्यासारखं एकाएकी आलेलं दुखणं, ताप आणि ताठ मान, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यात ना जिलेबी ना माझं दुकान. थेट मोठा दवाखाना.

वेचणीला जाणाऱ्या एका काकूंना मी गोळ्यांसोबत एक काम दिलं: गोळी घेतली त्या तारखेवर कॅलेंडरला टिकली चिकटवायची. नोव्हेंबरचं पान त्यांनी घडी करून आणलं. 30 दिवसांत 19 टिकल्या. तेच पान घेऊन त्या यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेल्या, आणि डॉक्टरांनी म्हणे कागदांच्या आधी ते पाहिलं. फेब्रुवारीच्या पानावर 8 आहेत. मेसेज अजून फिरतोच आहे; काल त्यांच्याच पोरानं मला पाठवला.