जनरेटरचं सोवळं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्याला झोडपून गेलं. आगरातले अकरा माड, पोफळींची एक अख्खी रांग आणि विजेचे खांब एकाच दुपारी आडवे झाले. लाईट यायला महिना लागला. त्या महिन्यात रहाटाने पाणी ओढता ओढता माझ्या खांद्याची जी काही गत झाली, तिची आठवण बुजते न बुजते तोच पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून जाता जाता किनाऱ्याला कोपर मारून गेलं. मग मात्र मी दुकान गाठलं आणि दोन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेऊन आलो.

त्याच्याबरोबर एक पुस्तिका होती. ती बायकोने वाचली. (आमच्याकडे यंत्र मी आणतो, पुस्तिका ती वाचते, आणि बिघडल्यावर दोघेही एकमेकांकडे बघतो.) पहिल्या पानावर दोन सूचना ठळक होत्या. एक, यंत्र घरात चालवू नये. दोन, यंत्र पावसात चालवू नये.

ज्याने हे लिहिलं त्याने कोकणातला जुलै पाहिलेला नसावा. आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तरणा पाऊस लागला की घराबाहेरची जी जागा ती पावसातलीच. आणि लाईट तर पावसातच जाते! उन्हाळ्यात कोरड्या खळ्यात चालवायला मला जनरेटर कशाला हवा होता?

"पडवीत ठेवू," मी म्हणालो. "पडवी म्हणजे काही घर नव्हे."

"पडवी, गोठा, गॅरेज, सगळं घरच लिहिलंय," बायको म्हणाली. "धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूच्या जागी तोच जाऊन बसतो. माणूस झोपेत जातो, कळतही नाही."

"अगं, आपलं कौलारू घर. हजार फटी आहेत. वायू निघून जाईल."

"त्याच हजार फटींतून आत पण येईल. घरापासून निदान सहा मीटर लांब ठेवायचा आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला करायचं."

सहा मीटर ऐकायला सोपं वाटतं. टेप घेऊन मोजायला लागलो तेव्हा कळलं, की आमच्या घरापासून पूर्वेला सहा मीटर म्हणजे चुलतभावाच्या स्वयंपाकघरापासून दोन मीटर. ज्या भावाशी आमचा एका फणसावरून गेली वीस वर्षं अबोला-बोला चालू आहे, त्याच्या खिडकीत धूर सोडणं म्हणजे थेट तहसील कचेरी. पश्चिमेला विहीर. उत्तरेला उतार, तिथे पाणी तुंबतं. शेवटी खळ्याच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात, दोन्ही घरांपासून सात-सात मीटरवर, एक जागा मिळाली. चिरे रचून फूटभर उंच चौथरा केला, चार खांब रोवले, वर पत्रा घातला. चारही बाजू मोकळ्या, कारण कोंडला तर यंत्रही तापतं. पण आमचा पाऊस वरून थोडाच पडतो? तो नैऋत्येकडून आडवा येतो. आई म्हणाली, त्या अंगाला झाप बांध. सायलेन्सरच्या धगीने झाप पेटला असता, म्हणून अंतर सोडून एक उभा पत्रा लावला.

आठवड्याने पाहिलं, तर पाखाडीवरून जाणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई इरल्यातून हात काढून त्या चौथऱ्याला नमस्कार करत होत्या.

पुढचा प्रश्न होता वीज घरात आणायची कशी. मुंबईहून आलेल्या मेहुण्याकडे उत्तर तयार होतं. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करायची, एक टोक जनरेटरला, एक पडवीतल्या सॉकेटला, अख्खं घर उजळतं. मुंबईहून येणाऱ्या माणसाकडे नेहमीच असं काहीतरी असतं. नशीब, ते जोडायच्या आधी आमचा वायरमन चहाला आला. वायर पाहून त्याने कपबशी खाली ठेवली.

"भाऊ, ही उद्योगाची वस्तू कुणाची?"

मेहुणा न्हाणीघराकडे गेला.

"तुमच्या घरातले 230 व्होल्ट उलटे लाईनला गेले, की ट्रान्सफॉर्मरमधून त्याचे 11 हजार होतात. वरती तार बंद आहे असं समजून खांबावर कोण चढलेला असतो? मी." तो शांतपणे म्हणाला. "आणि त्या पिनेचं दुसरं टोक उघडं राहिलं तर वहिनी."

त्याच दिवशी त्याने मीटरपाशी चेंजओव्हर स्विच बसवला. दांडा वर केला तर लाईनची वीज, खाली केला तर जनरेटरची, दोन्ही एकदम कधीच नाही. मग बोटाला ओल असली तरी झटकन तुटेल असा 30 मिलीअँपिअरचा ब्रेकर. मग अर्थिंग. त्यासाठी खड्डा खणला, पाईप पुरला आणि आईकडे मीठ आणि कोळसा मागितला.

"दृष्ट काढताय का रे त्याची?" आईने विचारलं.

खरी गंमत पुढे आहे. एवढं सगळं झाल्यावर यंत्र चालवायचे नियम बायकोने कागदावर लिहून भिंतीला लावले. हात कोरडे हवेत. पायात रबरी चप्पल हवी. उभं राहायचं ते कोरड्या पाटावर. ओल्या अंगाने शिवायचं नाही. मुलांनी जवळ जायचं नाही. पेट्रोलचा डबा घरात नाही, गोठ्यातही नाही. आईने चष्मा लावून कागद वाचला आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर सोवळं!"

नियम तिला एका वाचनात पाठ झाले. घरात तिच्याइतकं कोणालाच ते जमलं नाही. फरक एवढाच, की आमच्या आजीचं सोवळं ओलेत्याने चाले, याचं कोरड्यानेच चालतं. छत्री, कंदील आणि टॉवेल घेऊन सात मीटर जायचं, टॉवेलने हात पुसायचे, तोवर छत्रीने पाठीवर पागोळी सोडलेली असते, की पुन्हा पुसायचे. आत सगळे स्विच बंद असल्याची आरोळी आली की चोक ओढायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. पहिल्या चार हिसक्यांना यंत्र फक्त खोकतं. माझा खांदा, जो वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप, तो इथे पुन्हा कामाला येतो.

दोन केव्हीए म्हणजे साधारण सोळाशे वॅट. यात काय काय बसवायचं यावर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीइतके रुसवेफुगवे झाले. विहिरीचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना गरीब, पण सुरू होताना तिप्पट खातो, म्हणून त्याला एकट्याला पहिलं पान. तो उठला की फ्रीज. मग दिवे आणि मोबाईल. मिक्सरला वाटणासाठी पाच मिनिटं, तीही फ्रीज बंद करून. हे ठरलेलं असताना मेहुण्याने एकदा पँटला इस्त्री लावली. यंत्राचा सूर खर्जात गेला आणि सगळं घर काळोखात बसलं. मुसळधार पावसात, अडीच हजार वस्तीच्या गावात, तो कुठे जाणार होता ते अजून कळलेलं नाही.

परवा रात्री साडेदहाला पेट्रोल संपलं. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, पंधरा मिनिटं निवू द्यायचं, हा कागदावरचा सातवा नियम. पत्र्याखाली डबा आणि नरसाळं घेऊन मी उभा होतो. तो आवाज थांबल्यावर एकदम बेडकं ऐकू आली. आणि त्यांच्या पलीकडून, वीस वर्षांत माझ्याशी धड न बोललेल्या, 'रात्रभर धडधड, झोप नाही' असं गावभर सांगणाऱ्या आणि रोज संध्याकाळी मुलाच्या हाती चार मोबाईल आमच्याकडे चार्जिंगला पाठवणाऱ्या चुलतभावाचा आवाज आला.

"काय रे, बंद का केलंस? माझा बारा टक्क्यांवर आहे!"

माजघरातून माझ्याआधी आईनेच उत्तर दिलं.

"सोवळ्यात आहे तो. पंधरा मिनिटं थांब."