लिझावेता कोणाला आठवते?

फ्योदोर दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' मी पहिल्यांदा वाचली तेव्हा २१ वर्षांचा होतो. त्यानंतर ही कादंबरी कशाबद्दल आहे असे कोणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असे: एक गरीब, हुशार, एकलकोंडा विद्यार्थी गहाणावर पैसे देणाऱ्या एका म्हातारीचा खून करतो आणि मग त्याच्या मनाची जी वाताहत होते, तिची ही कहाणी आहे. हे वाक्य मी कित्येक वर्षे, कित्येक जणांना, मोठ्या प्रेमाने सांगितले. गेल्या महिन्यात पुस्तक तिसऱ्यांदा वाचून संपवले तेव्हा ते वाक्य खोटे आहे हे मला कळले आणि ते कळल्यापासून मी अस्वस्थ आहे. त्या घरात त्या संध्याकाळी दोन बायका मारल्या गेल्या. दुसरीचे नाव लिझावेता. ती मला आठवतच नव्हती.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना पुढे कथानक कळेल, पण त्याने फारसे बिघडणार नाही, कारण खून कोणी केला हे इथे रहस्य नाहीच. खुनी पहिल्या ओळीपासून आपल्यासोबत असतो.

हा खुनी म्हणजे रोदिऑन रोमानोविच रस्कोल्निकोव्ह. जुलैचा उकाडा, चुना, विटा, धूळ आणि दारूच्या गुत्त्यांचा दर्प यांनी कोंदटलेल्या पीटर्सबर्ग शहरात, एका पाच मजली इमारतीच्या छपराखाली, कपाटाएवढ्या खोलीत तो राहतो. विद्यापीठ सुटले आहे, भाडे थकले आहे, घरमालकिणीची गाठ पडू नये म्हणून तो जिन्यावरून मांजरासारखा उतरतो. त्याच्या आडनावात 'रस्कोल' हा रशियन शब्द आहे आणि त्याचा अर्थ फूट, दुफळी असा होतो. रशियन शीर्षकातला गुन्ह्याचा शब्दही असाच बोलका आहे: 'प्रेस्तुप्लेनिये', म्हणजे आखलेली सीमा ओलांडून पलीकडे पाऊल टाकणे. आपल्या दारापासून म्हातारीच्या घरापर्यंत किती पावले होतात हे या माणसाने मोजून ठेवलेले आहे. ती ७३० होतात. सगळे मोजणारा माणूस आहे हा, आणि त्याच्या मोजण्यातून नेमके कोण सुटले, हे मला या वाचनात प्रथमच दिसले.

खुनाच्या दीड महिना आधी तो एका गुत्त्यात बसलेला असताना शेजारच्या टेबलावर एक विद्यार्थी आणि एक तरुण लष्करी अधिकारी बोलत असतात. विद्यार्थी म्हणतो की अल्योना इवानोव्ना ही म्हातारी निरुपयोगी आणि दुष्ट आहे, तिचा पैसा तिच्या मृत्युपत्राप्रमाणे मठात जाणार आहे, आणि त्याच पैशाने शेकडो आयुष्ये मार्गी लागू शकतात. एक मरण आणि त्याच्या बदल्यात शंभर जीव, हे साधे अंकगणित आहे, असे तो सांगतो. कादंबरीवर लिहिणारे बहुतेक जण हे अंकगणित आवर्जून उद्धृत करतात. त्याच संभाषणात त्याच्या आधी काय येते ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हातारी किती वाईट आहे हे पटवून देण्यासाठी तो विद्यार्थी तिच्या सावत्र बहिणीचे उदाहरण देतो. लिझावेता ३५ वर्षांची, उंच, बेढब, भित्री आणि गरीब स्वभावाची बाई. बहिणीच्या घरी ती रात्रंदिवस राबते, मार खाते, आणि मृत्युपत्रात तिच्या वाट्याला रोख एक कवडीही नाही. म्हणजे ज्या पीडितांच्या नावाने हा हिशेब मांडला जातो, त्यांतली पहिली पीडित तीच आहे. आणि तो विद्यार्थी तिच्याबद्दल हसत हसत बोलतो. ती सतत गरोदर असते, हा त्याला विनोद वाटतो.

शंभर जणांचे भले करायला निघालेल्या हिशेबातला पहिला आकडा कुऱ्हाडीखाली येतो, ही गोष्ट दस्तयेव्हस्कीने इतक्या शांतपणे मांडली आहे की वाचणारा तिच्यावरून सहज पुढे निघून जातो.

आता ती संध्याकाळ. आदल्या दिवशी सेन्नाया चौकात रस्कोल्निकोव्हच्या कानावर योगायोगाने पडलेले असते की दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास लिझावेता कोणाकडे तरी जाणार आहे आणि म्हातारी घरात एकटी असेल. प्रत्यक्षात त्याला निघायलाच उशीर होतो आणि तो पोहोचतो तेव्हा साडेसात वाजलेले असतात. म्हातारीला तो कुऱ्हाडीच्या मागच्या, बोथट बाजूने मारतो. त्या क्षणी कुऱ्हाडीचे पाते त्याच्या स्वतःच्या दिशेला असते. मग आतल्या खोलीत तो पेटी उचकत असताना बाहेर पावले वाजतात. हातात मोठे गाठोडे घेऊन लिझावेता खोलीच्या मधोमध उभी असते आणि मेलेल्या बहिणीकडे बघत असते. ओरडण्याचेही त्राण तिच्यात उरलेले नसते. तो कुऱ्हाड घेऊन धावतो तेव्हा इतकी वर्षे दबलेली ती बाई चेहरा झाकण्यासाठी हातसुद्धा नीट वर नेत नाही, फक्त मोकळा डावा हात जरासा उचलून, त्याला दूर सारावे तसा, पुढे धरते. या वेळी पाते तिच्या दिशेला असते.

हा परिच्छेद वाचून मी पुस्तक मिटले. पहिल्या दोन वाचनांत मी इथे थांबलो नव्हतो, कारण माझा जीव तेव्हा रस्कोल्निकोव्हमध्ये अडकला होता. दाराबाहेर गिऱ्हाइके येऊन घंटा ओढू लागतात तेव्हा कडी निघेल की काय या धास्तीने मीही श्वास रोखून धरला होता. खुनी निसटावा असे मला वाटत होते. कादंबरीकाराचे सामर्थ्य म्हणून मी हा अनुभव अनेकांना सांगितलाही आहे. त्या सामर्थ्यापुढे आजही मी नतमस्तक आहे, पण त्या काही मिनिटांत माझ्या मनातून कोण पुसले गेले याची जाणीव मला तेव्हा नव्हती.

इथे लेखनाच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दस्तयेव्हस्कीने ही कादंबरी आधी खुन्याच्या तोंडून, त्याच्या कबुलीजबाबाच्या स्वरूपात लिहायला घेतली होती. १८६५ च्या नोव्हेंबरात, बराच मजकूर लिहून झालेला असताना, त्याने तो जाळला आणि तृतीयपुरुषी निवेदनात सगळे नव्याने सुरू केले. १८६६ साली 'रस्की वेस्तनिक' मासिकातून क्रमशः छापले गेले ते हे नवे रूप. तो मसुदा त्याने का जाळला याची पुष्कळ कारणे दिली जातात. माझे मत असे की रस्कोल्निकोव्ह स्वतः बोलत राहिला असता तर लिझावेता त्याच्या मनातून जशी गळून पडते तशी पुस्तकातूनही गळून पडली असती. निवेदक वेगळा असल्यामुळेच नायकाला नको असलेली माणसे पानांवर टिकून राहिली आहेत आणि पुन्हा पुन्हा, अगदी लहानशा तपशिलांतून, परत येतात.

त्यांतला सर्वांत लहान तपशील मला सर्वांत जास्त लागला. खुनानंतर रस्कोल्निकोव्ह तापाने फणफणून पडलेला असतो आणि त्याच्या पलंगाशी डॉक्टर आणि मित्र रझुमिखिन त्या खुनाविषयीच बोलत असतात. मोलकरीण नस्तास्या मध्येच त्याला सांगते की लिझावेतालाही मारले. ती खाली यायची, तिने तुझा सदरासुद्धा शिवून दिला होता. तो क्षीण आवाजात ते नाव उच्चारतो, भिंतीकडे कूस बदलतो आणि पिवळ्या, मळक्या वॉलपेपरवरच्या एका पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या मोजू लागतो.

सदरा शिवून दिला होता. सगळ्या जगापासून तुटलेला, कोणाचाही न राहिलेला म्हणून ज्याच्याकडे आपण पाहतो, त्याच्या अंगावरच्या कापडाला त्या बाईचे टाके होते. या प्रसंगाच्या थोडेच आधी, रस्त्यात त्याला भिकारी समजून एका व्यापाऱ्याच्या बायकोने हातावर ठेवलेले २० कोपेकचे नाणे त्याने नेवा नदीत फेकून दिलेले असते आणि कात्रीने कापावे तसे आपण सर्वांपासून स्वतःला तोडून घेतले असे त्याला वाटलेले असते. रझुमिखिनने देऊ केलेले भाषांतराचे काम आणि आगाऊ ३ रूबलही त्याने त्याच दिवशी परत केलेले असतात. त्याच्या वाट्याला आलेला एकटेपणा खरा आहे, त्याची गरिबी खरी आहे, ती खोली खरोखरच माणसाला वेड लावणारी आहे, हे मी जराही नाकारत नाही. तरीही त्याच्याभोवती माणसे होती, हात होते, देणे होते, आणि ते मोजण्याची त्याची तयारी नव्हती, असे मला आता दिसते.

तो दगडाच्या काळजाचा असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण ज्या माणसाने कुऱ्हाड उचलली, तोच मार्मेलादोव्ह नावाच्या दारुड्या ओळखीच्याच्या अनाथ झालेल्या कुटुंबाला आईने पाठवलेल्या पैशांतले बहुतेक सगळे देऊन टाकतो. खुनाच्या आदल्या दिवशी त्याला स्वप्न पडते: तो सात वर्षांचा आहे, दारुडे शेतकरी एका मरतुकड्या घोडीला चाबकांनी आणि पहारीने मारून टाकतात, आणि तो लहान मुलगा गर्दीतून घुसून त्या मेलेल्या घोडीच्या गळ्याला मिठी मारतो, तिच्या डोळ्यांचे मुके घेतो. या मुलाला लिझावेता दिसली असती. त्या मुलाचे पुढे काय झाले, एखादा सिद्धांत, एखादा लेख, सामान्य आणि असामान्य माणसांची एखादी विभागणी त्याच्या डोळ्यांवर कशी चढत गेली, हाच मला या कादंबरीतला खरा अधःपात वाटतो. असामान्य माणसांना सीमा ओलांडण्याचा हक्क असतो असे मांडणारा लेख रस्कोल्निकोव्हने स्वतः लिहिलेला असतो. तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच त्याच्याशी त्या लेखाबद्दल जी चर्चा करतो ती बुद्धीला झिंग आणणारी आहे, आणि तरुणपणी मी ती अनेकदा वाचली आहे. त्या चर्चेत नेपोलियनला जागा आहे, लिझावेताला नाही.

एकदाच त्याचे त्यालाच नवल वाटते. म्हातारीबद्दलचा द्वेष मनात उसळत असताना त्याला अचानक लिझावेता आठवते, तिची कीव येते, आणि मी तिला मारलेच नाही अशा थाटात तिचा विचारही कसा करत नाही, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. मग तिच्या नावाबरोबर मार्मेलादोव्हची मुलगी सोन्या हिचे नाव येते. सौम्य डोळ्यांच्या, सगळे देऊन टाकणाऱ्या या बायका. आणि तो विचार तिथेच सुटतो.

सोन्या मात्र तिला विसरलेली नाही. पोटासाठी रस्त्यावर उभी राहावी लागलेली ही मुलगी आणि जुन्या कपड्यांचा व्यापार करणारी लिझावेता एकत्र बसून वाचत, बोलत असत. दोघींनी आपापसांत क्रूस बदलले होते. रस्कोल्निकोव्ह तिला बायबलमधली लाजराच्या पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेल्या लाजराला येशू पुन्हा जिवंत करतो ती, कथा वाचायला लावतो तेव्हा 'नव्या करारा'ची ती जुनी, चामडी बांधणीची प्रत कोणी दिली असे विचारतो आणि उत्तर येते, लिझावेताने. पुढे तो गुन्हा कबूल करायला येतो तेव्हा 'मी' म्हणायचे धैर्य त्याला होत नाही. 'त्याला' लिझावेताला मारायचे नव्हते, असे तो परक्या माणसाबद्दल बोलावे तसे सांगतो. आणि सोन्या, सत्य उमगत असताना, डावा हात त्याच्या दिशेने पुढे धरून मागे सरकू लागते. त्याला तिच्या चेहऱ्यात लिझावेताचा चेहरा दिसतो. जागतिक साहित्यात याहून भेदक प्रसंग मी तरी वाचलेला नाही. एक मेलेली बाई आपल्या मैत्रिणीच्या हाताने पुन्हा तोच हात पुढे करते.

तरीही तो तिथे बदलत नाही. सोन्यासमोर तो म्हणतो की आपण फक्त एक ऊ मारली, आणि पोलिसांकडे जायच्या दिवशी बहीण दुन्यासमोरही तेच पुन्हा सांगतो. एक ऊ, एक म्हातारी, एकवचनात. त्यानंतर तो चौकीत जातो, एकदा परत फिरतो, आवारात उभी असलेली सोन्या बघतो, पुन्हा वर चढतो, आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघते: म्हाताऱ्या सावकारणीला आणि तिची बहीण लिझावेता हिला कुऱ्हाडीने मारून लुटणारा मीच. इतके दिवस ज्या वाक्यातून ती गळत आली होती, त्यात तिचे नाव आता आलेले असते. मोठी चर्चा नाही, सिद्धांत नाही. कादंबरीचा सहावा भाग इथे संपतो. तिसऱ्या वाचनात मला वाटले की हे सगळे पुस्तक या एका नावाच्या उच्चाराकडे चालत आले होते.

उपसंहार अनेकांना आवडत नाही. नायकाचा सायबेरियातला बदल ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, असे म्हणतात. मलाही तो पूर्वी तसाच वाटला होता. त्यात न्यायालयाचा एक बारकावा आहे: चोरलेल्या पाकिटात ३१७ रूबल आणि ६० कोपेक निघाले, आणि ते किती आहेत हे खुन्याने दगडाखाली दडवताना पाहिलेलेही नव्हते. पावले मोजणाऱ्या माणसाने पैसे मोजले नाहीत. त्याला ८ वर्षांची सक्तमजुरी होते.

दस्तयेव्हस्की स्वतः ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे सक्तमजुरीवर होता आणि जाताना तोबोल्स्कला मिळालेली 'नव्या करारा'ची प्रत त्याने तिथे उशाखाली ठेवली होती. रस्कोल्निकोव्हच्याही उशाखाली शेवटच्या पानावर तेच पुस्तक आहे. तो ते हातात घेतो, पण अजून उघडलेले नाही. निवेदक आपल्याला एवढेच सांगतो की ते सोन्याचे होते, ज्यातून तिने लाजराची कथा वाचली ते. सोन्याकडे ती प्रत कुठून आली होती हे त्या पानावर लिहिलेले नाही. ते चौथ्या भागात येऊन गेलेले आहे, एका छोट्याशा उत्तरात.